बसतंय ना, मग झालं

तीन दिवस आभाळ कोंदून राहिलं होतं. पडत नव्हतं, उघडत नव्हतं, नुसतं जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यासारखं डोक्यावर बसून होतं. भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि टीव्हीच्या पोटात तडतड. असल्या हवेत माणसं वैतागतात, पण टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दारात रांग लागते. पिक्चर ट्यूबला जाणारी जाड तार दमट हवेत ठिणग्या सोडते, बातम्या देणारी बाई गळ्यापाशी कापली जाते, आणि घरचा कर्ता पुरुष टीव्हीला दोन-चार थपडा मारून झाल्यावर त्याला चादरीत गुंडाळून कानवाल्यांकडे आणतो.

कानवाल्यांनी त्या सकाळी शटर वर ढकललं तेव्हा आत सहा टीव्ही पाठ उघडी टाकून पडले होते. प्रत्येकाच्या पोटात एकेक शंभराचा दिवा लावून ते त्यांना वाळवत होते. दर दहा मिनिटांनी दिवा काढायचा, आत बोट फिरवायचं, बोट अंगठ्यावर चोळून बघायचं आणि "अजून ओलाय" असं जाहीर करायचं. ऐकायला दुकानात बायकोशिवाय कोणी नसायचं, आणि तिचे तोवर तीन टीव्हींतले टाके मारून झालेले असायचे.

कानवाले हे काही आडनाव नव्हे. ते मीटर वापरत नसत. "मीटर कुणाला? ज्याला कान नाही त्याला," असं ते म्हणत. गिऱ्हाइकानं टीव्ही ठेवला की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करत, डावा कान कॅबिनेटला टेकवत, डोळे मिटत. मग हळूच सांगत, "लाइन जिवंत आहे." किंवा, "गेली लाइन." चालू टीव्हीतून दोऱ्यासारखी बारीक, उंच शिट्टी येत असते. पडद्यावर रेघा ओढणारा भाग चालू असला की ती वाजते, मेला की थांबते. कानवाले ती शिट्टी ऐकून निदान करत, आणि निदान कधी चुकत नसे.

चुकत नसे, कारण ते निदान त्यांचं नव्हतंच. ती शिट्टी त्यांच्या कानातून आठ वर्षांपूर्वीच निघून गेली होती. पुरुषाच्या डोक्यावरचे केस जसे न सांगता जातात, तसा वरचा सूर कानातून जातो. जाताना आवाज करत नाही, त्यामुळे गेल्याचं कळायला वेळ लागतो. कळलं त्या दिवशी ते एका टीव्हीला कान लावून पाच मिनिटं वाकून राहिले होते, कपाळाला घाम सुटला होता, आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं. पलीकडच्या टेबलावर तारांना कथलाचे डाग देत बसलेली बायको तेवढ्यात खोकली. एकदाच. कानवाल्यांनी मान वर केली, तिनं मान वर केली नाही. "लाइन जिवंत आहे," कानवाले म्हणाले.

तेव्हापासून तसंच चाललं होतं. ती खोकली की शिट्टी आहे, नाही खोकली की नाही. या गोष्टीवर नवराबायकोत आठ वर्षांत एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. गिऱ्हाइकं बिचारी कळवळायची. "बाईंना डागाच्या धुराचा त्रास होतोय हो, दाखवा कुणाला तरी," म्हणायची. एक पेन्शनर आजोबा तर दर महिन्याला खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी आणून द्यायचे. तीही घ्यायची. नाही कशी म्हणणार?

कानवाले कॉम्प्युटरात शिरले ते एका स्क्रूच्या जोरावर. पाच वर्षांपूर्वी बँकेतल्या एका कारकुनाला त्याच्या परदेशातल्या मेव्हण्यानं एक खोकं पाठवलं. नुसत्या कळा, टाइपरायटरचं पोर, पण कागद नसलेलं. ते टीव्हीला जोडलं की चित्र लिफ्टसारखं वर वर जायचं, थांबायचंच नाही. कानवाल्यांनी टीव्हीच्या पाठीमागचा बारका स्क्रू पाव फेरा फिरवला आणि चित्र जागेवर उभं राहिलं. फक्त रंग नव्हता. तिकडचं खोकं रंगाची गोष्ट एका पद्धतीनं सांगत होतं, इकडच्या टीव्हीला दुसरीच पद्धत कळत होती. कानाआड गेलेल्या बोलण्यासारखा रंग मधल्या मधे हरवत होता. कानवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "खरा कॉम्प्युटर काळा-पांढराच असतो. रंग पोरांना रमवायला." कारकुनाला हे इतकं पटलं, की त्यानं बँकेत आठवडाभर रंगीतवाल्यांची कीव केली.

मग लोक खोकी घेऊन येऊ लागले. जितकी खोकी तितक्या तऱ्हा. कुणी एरियलच्या भोकातून घुसायचं, कुणाला गोल पिन लागायची, कुणाच्या पाठीला सहा पिना, कुणाच्या नऊ. तांबडं, हिरवं, निळं वेगवेगळ्या तारांतून पाठवणारी शिष्ट खोकी वेगळीच. प्रत्येक कंपनीला वाटत होतं की उरलेल्या जगानं आपल्यासारखं वागावं. या सगळ्या गोंधळात कानवाल्यांचा नियम एकच होता. प्लग बसतो का बघायचं. बसला तर जोडायचं. नाही बसला तर कानस घेऊन बसवायचं. कुणी काही शंका काढली की ते म्हणत, "बसतंय ना, मग झालं."

आणि बहुतेक वेळा खरंच व्हायचं. हाच त्यातला वाईट भाग.

त्या ओल्या सकाळी त्यांना टायपिंग क्लासवाल्या बाईंकडे जायचं होतं. बाईंचा क्लास दोन गल्ल्या सोडून, दोन जिने वर. वीस वर्षं तिथे टाइपरायटर खडखडत होते, खालच्या मजल्यावरचा शिंपी त्या तालावर मशीन चालवायचा. आता मुली येऊन विचारायच्या, "कॉम्प्युटर आहे का?" आणि नाही म्हटलं की समोरच्या नव्या क्लासच्या काचेच्या दारातून आत जायच्या. बाईंनी हिय्या करून सहा कॉम्प्युटर घेतले होते. उद्या सकाळी अकराला मंडळाचा तपासनीस येणार होता. सहाच्या सहा पडदे उजळलेले दिसले तर मान्यता, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत बाईंकडे टाइपरायटरवरच्या धुळीशिवाय काही उरलं नसतं, हे बाईंना माहीत होतं, कानवाल्यांना माहीत होतं, समोरच्या क्लासला तर पाठच होतं.

कॉम्प्युटर विकले होते टाय लावून फिरणाऱ्या एका विक्रेत्यानं, म्हणजे टायवाल्यानं. मॉनिटर मात्र एका बंद पडलेल्या विमा कचेरीतून आणलेले, हिरव्या अक्षरांचे, दणकट. टायवाला दोन्हींकडे एकदा बघून म्हणाला होता, "सगळं कॉम्पॅटिबल आहे." तेव्हा कानवाल्यांची बायको तिथे होती. तिनं विचारलं होतं, "कशाशी?" टायवाला हसला. टाय बांधायला शिकवतात तेव्हाच ते हसूही शिकवत असावेत.

"अहो," बायको आता म्हणाली. तिच्या मांडीवर कॉम्प्युटरबरोबर आलेली पुस्तिका होती, बोट एका ओळीवर. "नऊ पिनांचे दोन प्रकार आहेत म्हणे. आपले हिरवे मॉनिटर सेकंदाला अठरा हजार रेघांवर चालतात. हे खोकं देतं पंधरा हजार सातशे. त्यातलं चित्र पाठवणारं कार्ड रंगीत पडद्याचं आहे."

"अगं, रेघा कमी मिळाल्या म्हणून कुणी मरतं का? उलट आराम पडेल त्याला."

"मरतं असंच लिहिलंय इथे."

"प्लग बसतो का?"

"बसतो. तोच तर घोळ आहे. दोन्हीकडे सारखीच नऊ भोकं."

"बसतंय ना, मग झालं." त्यांनी पिशवीत पक्कड टाकली. "पुस्तकं वाचून दुरुस्ती होत असती तर ग्रंथपाल श्रीमंत झाले असते."

"मी येते बरोबर."

"दुकान कोण बघणार?"

दुकान बघायचं हे निमित्त होतं. तिथे वीस मुली असणार, बाई असणार, आणि एकदा तरी या कामात मागून खोकला येऊ नये असं कानवाल्यांना फार वाटत होतं.

क्लासात टाइपरायटर भिंतीला ढकलून मधे सहा टेबलं मांडली होती. मुली बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या. बाई हातात फडकं घेऊन प्रत्येक पडदा तिसऱ्यांदा पुसत होत्या.

"काका, लवकर आवरा हं," बाई म्हणाल्या. "मला रात्रीपासून स्वप्नात तो तपासनीसच दिसतोय."

"बाई, निवांत राहा. टीव्हीचा आतडी-कोथळा हातानं काढणारा माणूस आहे मी."

त्यांनी पहिला प्लग लावला. नऊ पिना नऊ भोकांत अशा गेल्या, की जन्मापासून ओळख असावी. दोन्ही स्क्रू आवळले, बटण दाबलं, आणि मागे सरून कमरेवर हात ठेवले. पडद्यावर हिरवट पट्टे तिरपे पळू लागले. मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी कानात बोटं घातली.

"काका, किती शिट्टी वाजतेय ही," पुढच्या बाकावरची, दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

कानवाले मनापासून खूश झाले. शिट्टी आहे, आणि खोकल्याशिवाय कळली. "वाजणारच," ते म्हणाले. "शिट्टी म्हणजे जीव. लिहून घ्या, कामाला येईल." दोघी-तिघींनी खरंच लिहून घेतलं.

"पण लागतेय ती. दातात कळ गेल्यासारखी."

"नवीन आहे, सरावेल."

ते पाठीमागचे स्क्रू फिरवू लागले. पाव फेरा, अर्धा फेरा. पट्टे तिरपे होते ते उलटे तिरपे झाले. मग आत काहीतरी टक्‌ झालं, जळक्या मेणाचा वास आला, पडदा मधोमध एका ठिपक्याएवढा झाला आणि ठिपकाही गेला. आधी प्लग बसला होता, आता मॉनिटर बसला.

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "काय झालं?"

"पीसच खराब," कानवाले लगेच म्हणाले. "विमा कचेरीतला ना. पॉलिसी संपली त्याची."

कुणी हसलं नाही. त्यांनी दुसरा जोडला. दुसऱ्याचाही प्लग तितक्याच प्रेमानं बसला. मुलींचे चेहरे पुन्हा आंबट झाले, वेणीवाली म्हणाली, "काका, हा तर जास्तच किंचाळतोय."

शिट्टी म्हणजे जीव हे खरं, पण किंचाळणं म्हणजे काय? ते ऐकल्याशिवाय कसं सांगणार, आणि ऐकायचं कशानं? कोपऱ्यात बाईंचा फोन होता. त्याची वायर लांब होती. कानवाल्यांनी चाललेल्या मॉनिटरकडे पाठ करून दुकानाचा नंबर फिरवला.

"अगं," ते दबक्या आवाजात म्हणाले, "जरा ऐक."

"काय ऐकू?"

ते रिसीव्हर घेऊन चालत गेले आणि तो मॉनिटरच्या पाठीला चिकटवला. वीस मुली एका माणसाला मॉनिटरची फोनवर ओळख करून देताना बघत होत्या. दहा सेकंदांनी त्यांनी रिसीव्हर परत कानाला लावला.

"ऐकलंस?"

"काही नाही ऐकू आलं. घरघर तेवढी. काय चाललंय तिकडे?"

"काही नाही. ठेव." त्यांनी फोन ठेवला आणि छाती पुढे काढून वळले. "चौकशी केली मी. शिट्टी वगैरे काही नाहीये. तुमच्या कानांना सवय नाही, बाकी काही नाही."

"मघाशी तुम्हीच म्हणालात शिट्टी म्हणजे जीव," वेणीवाली वही बघत म्हणाली.

"असली तर चांगलीच. नसली तर त्याहून चांगलं," कानवाले म्हणाले, आणि हे वाक्य आपल्यालाच समजलं नाही हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत दुसरा मॉनिटर बसला. या वेळी मागच्या जाळीतून धूरही आला, पांढरा, सावकाश, त्याला कसलीच घाई नव्हती.

बाई खुर्चीत बसल्या. "काका, चारच राहिले हो," त्या हळूच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता खरं तर थांबायचं. पण थांबणं म्हणजे आधीचे दोन आपण मारले असं कबूल करणं. माणूस तिसरी चूक करतो ती पहिल्या दोन चुका नव्हत्या हे सिद्ध करायला. कानवाल्यांनी तिसरा जोडला, बटण दाबलं, आणि चेहऱ्यावर असा भाव आणला की जणू त्यांना सगळं ऐकू येतंय.

जिन्यावर चपलांचा फटफट आवाज आला. बायको दारात उभी राहिली, धापा टाकत, हातात ती पुस्तिका.

"बंद करा," ती म्हणाली. "खालच्या जिन्यापासून ऐकू येतंय."

"तूच म्हणालीस काही नाही."

"फोनवरून? फोनमधून माझ्या बहिणीचा आवाज भावासारखा येतो. त्यातून ही शिट्टी कुठून येणार? बंद करा ते."

"अगं पण..."

बाई उठल्या होत्या. त्या कानवाल्यांकडे बघत होत्या, मग बायकोकडे, मग परत कानवाल्यांकडे. "काका, एवढं मोठ्यानं वाजतंय. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतं की," कानवाले म्हणाले. "पण मी लक्ष देत नाही."

त्यांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. ती खोकली नाही. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, आणि तिचं बोट पुस्तिकेत त्याच ओळीवर होतं. मॉनिटरच्या जाळीतून मेणाचा वास यायला लागला. आपलं नाव एकीकडे, बाईंचा क्लास दुसरीकडे, आणि मधे एक बटण. कानवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सगळं स्पष्ट कळत होतं, आणि त्यासाठी कान लागत नव्हता.

त्यांनी बटण बंद केलं.

"नाही येत ऐकू," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली."

मागच्या बाकावरून एक खसखस निघाली, दाबली गेली, दुसरीकडून फुटली. बाईंनी डोळे वटारले तेव्हा कुठे थांबली.

"आठ वर्षं?" बाई म्हणाल्या. "मग माझा टीव्ही गेल्या वर्षी कोणी ऐकला?"

"मी," बायको म्हणाली. तिनं पदर खोचला आणि एका खोक्याची पाठ खिडकीकडे वळवली. "हे बघा. नऊ भोकांच्या शेजारी एक गोल भोक आहे. यातून टीव्हीला जायचं चित्र निघतं. हिरव्यांना हात लावू नका आता, राहिलेत तेवढे जगू देत. टीव्ही आहेत आपल्याकडे सहा. वाळलेत."

"पण त्यांच्या पाठीला गोल भोक नाहीये," कानवाले म्हणाले. हे मात्र त्यांना खरंच माहीत होतं.

"जुन्या खोक्यांच्या डब्या आहेत ना ठेवलेल्या फळीवर, चित्र एरियलच्या भोकातून आत घालायच्या. तुम्हीच टाकून द्या म्हणत होतात."

दुपारभर त्यांनी सहा टीव्ही दोन जिने वर चढवले. कानवाले खालून धरत होते, म्हणजे वजन त्यांच्याकडे. एका टीव्हीचा मालक नेमका वाटेत भेटला आणि आपल्या टीव्हीकडे बोट दाखवून विचारू लागला, तेव्हा बायको म्हणाली, "तपासणीसाठी नेतोय." आणि ते अगदी खरं होतं.

चित्र आलं, पण अक्षरं एकमेकांत मिसळून पिठल्यासारखी झाली. टीव्हीला एका ओळीत ऐंशी अक्षरं झेपत नव्हती. बायकोनं पुस्तिकेची तीन पानं उलटली, वेणीवालीला एक आज्ञा टाइप करायला सांगितली, आणि ओळीत चाळीसच अक्षरं राहिली. दुप्पट रुंद, दुकानाच्या पाटीसारखी.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला तो चष्मा घरी विसरून. त्यानं सहा पडद्यांपुढून संथपणे चक्कर मारली, वाकला नाही, डोळे बारीक केले नाहीत. "वा," तो म्हणाला. "इथलं मला दिसतंय तरी. परवा एका ठिकाणी काचेचं दार काय, थंड हवा काय, आणि पडद्यावर अक्षरं मुंग्यांएवढी." त्यानं सही केली. ती नेमकी कुठे करायची ते बाईंनी त्याला बोट ठेवून दाखवलं. टायवाला नंतर फोनवर म्हणाला, की सगळं कॉम्पॅटिबल होतं, हे तो आधीपासूनच सांगत होता.

वीस मुली म्हणजे वीस घरं. आठवडाभरात गावभर झालं. बँकेतल्या कारकुनानं आपल्या घरचं चित्र काळं-पांढरं का, हे पुन्हा एकदा विचारायचं ठरवलं, पण या वेळी कुणाला विचारायचं ते बदललं. पेन्शनर आजोबा गोळ्यांची पट्टी परत मागायला आले नाहीत, एवढीच माणुसकी. कानवाल्यांनी दोन दिवस दुकानात यायचं टाळलं, तिसऱ्या दिवशी घरी कंटाळून आले. बायकोनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फक्त ती आता टीव्हीपाशी स्वतः उठून जायची, आणि तिचा खोकला पार बरा झाला होता.

आभाळ अखेर मोकळं झालं त्या सकाळी एक बाई रिक्षातून टीव्ही घेऊन उतरल्या. कानवाल्यांनी तो आत आणून टेबलावर ठेवला, प्लग लावला, आणि सवयीनं हात वर करून वाकलेच.

"तुम्ही नका," बाई म्हणाल्या. "त्यांना बोलवा ना. ऐकायला."

कानवाले कमरेतून अर्धे वाकलेले होते. ते हळूहळू सरळ झाले. आत बायको कुणाच्या तरी रेडिओत मान घालून बसली होती.

"अगं," त्यांनी हाक मारली. "तुझ्याकडे आलेत." मग बाईंकडे वळून म्हणाले, "मागचं झाकण काढून देतो, तेवढं देऊ ना मी?"

"द्या की," बाई म्हणाल्या.

त्यांनी सहा स्क्रू काढून वाटीत टाकले. झाकणाच्या आत कोळ्यांची जाळी, मेलेली झुरळं आणि तीन वर्षांची काळी धूळ थरानं बसली होती. ते झाकण घेऊन मागच्या मोरीत गेले, बादलीत साबणाचा चुरा टाकला, उकिडवे बसले आणि फाटक्या ब्रशनं झाकणाची एकेक फट घासू लागले.